पोटाच्या ऑपरेशननंतर आत साचलेला पू नळीने काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, दोन-तीन दिवस बरे जातात, पेशंट चहा-पेज घ्यायला लागतो आणि मग पाचव्या-सातव्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो. सोनोग्राफी होते आणि डॉक्टर सांगतात, "पोटात कलेक्शन आहे, नळी टाकावी लागेल." घरच्यांचा धीर नेमका इथे सुटतो. कलेक्शन म्हणजे आत साचलेला पू किंवा पाणी.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर बघत अशा नळ्या टाकणं हे आमचं रोजचं काम. नातेवाईक जे विचारतात आणि जे विचारायचं संकोचाने राहून जातं, त्याची उत्तरं इथे आहेत. उदाहरणं जास्त करून अपेंडिक्सची आहेत, पण आतड्याला पडलेलं छिद्र, पित्ताशय, सिझेरियन, गर्भाशय, आतड्याचा कॅन्सर अशा कुठल्याही ऑपरेशननंतर पद्धत हीच असते. तुमच्या पेशंटबाबतचा निर्णय मात्र त्याच्या पोटाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

पोटात नेमकं साचतं काय?

पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं की आत थोडं पाणी राहतंच. पोटाच्या आतलं अस्तर ते काही दिवसांत शोषून घेतं. त्यामुळे ऑपरेशननंतर चौथ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये "थोडं द्रव दिसतं" असं लिहिलेलं असलं आणि पेशंट ठणठणीत असला, तर काळजीचं कारण नाही.

साचलेल्यात जंतू वाढले की त्याचा पू होतो आणि शरीर त्याच्याभोवती जाड कवच बांधतं. पित्ताशय किंवा यकृताच्या ऑपरेशननंतर पित्त साचू शकतं, मूत्रनलिकेला इजा झाली असेल तर लघवी, स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर त्याचा पाचक रस. किडनी बदलल्यानंतर किंवा ओटीपोटातल्या गाठी काढल्यानंतर लसिका नावाचं पिवळसर पाणी जमतं. कधी नुसतं गोठलेलं रक्त असतं. त्यात जंतू नसतील आणि कशावर दाब येत नसेल, तर त्याला हात न लावलेलं बरं. नळी टाकून उलट बाहेरचे जंतू आत जायची भीती असते.

साचण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पेशंट उताणा झोपलेला असतो, तेव्हा पोटातल्या दोन जागा सगळ्यात खोल असतात. एक ओटीपोटाचा तळ आणि दुसरी यकृत व उजवी किडनी यांच्यामधली घडी. श्वासाबरोबर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, वरखाली होत असतं, त्या ओढीने पू यकृताच्या वरही चढतो. म्हणून अपेंडिक्स खाली उजवीकडे असलं तरी पू बरगड्यांखाली सापडू शकतो.

मग ऑपरेशनमध्ये चूक झाली का? आत कापूस तर राहिला नाही ना?

हा प्रश्न मनात सगळ्यांच्या असतो, पण उघड विचारायला लोक कचरतात. विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि सरळ उत्तर देणं हे डॉक्टरांचं काम आहे.

बहुतेक वेळा उत्तर "नाही" असं असतं. अपेंडिक्स फुटतं तेव्हा आतड्यातली घाण आणि कोट्यवधी जंतू ऑपरेशनच्या आधीच पोटभर पसरलेले असतात. सर्जन पू काढतो, पोट स्वच्छ करतो, पण आतड्यांच्या प्रत्येक घडीतला प्रत्येक जंतू काढणं कुणालाही शक्य नाही. उरलेल्यांचा बंदोबस्त शरीर आणि अँटिबायोटिक मिळून करतात आणि कधी कधी एखाद्या कोपऱ्यात ते कमी पडतात. न फुटलेल्या अपेंडिक्सनंतर असा पू क्वचित होतो, फुटलेल्यानंतर बऱ्याच जास्त वेळा होतो. दुखणं अंगावर काढून उशिरा आलेले, साखर वाढलेले, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेले, अंगात रक्त आणि प्रोटीन कमी असलेले पेशंट यात जास्त असतात.

पण काही वेळा पुवाच्या मागे दुरुस्त करण्यासारखं कारण असतं. आतड्याची जोडलेली टोकं सुटलेली असतात, पित्ताच्या नळीवरची क्लिप निसटलेली असते, अपेंडिक्सचं बूड उघडलेलं असतं. ही गुंतागुंत निष्णात सर्जनच्या हातूनही होते. ती वेळेत ओळखली का, हे जास्त महत्त्वाचं. कापूस किंवा मॉप आत राहणं ही मात्र टाळता येण्याजोगी चूकच आहे. ते फार क्वचित घडतं आणि बहुतेक वेळा सीटीवर ओळखू येतं. तसं निघालं तर नळीने भागत नाही, पुन्हा ऑपरेशन करून ते काढावंच लागतं.

घरी गेल्यावर हे कशावरून ओळखायचं?

ताप हे मोठं लक्षण. दिवसा बरं वाटून संध्याकाळी चढणारा, हुडहुडी भरवणारा ताप. त्याबरोबर भूक मरणं, पोट गच्च होणं, वारा न सरणं, उलट्या, नाडी जलद चालणं. ऑपरेशननंतर पेशंट रोज थोडा थोडा सुधारायला हवा. सुधारणा थांबली किंवा उलटी फिरली, तर तपासून घ्यावं.

जागेप्रमाणे काही खुणा आहेत, त्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. ओटीपोटात पू असेल तर सारखी संडासला लागते, थोडी थोडी चिकट होते, लघवीलाही वारंवार जावं लागतं. घरचे याला जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी देतात आणि दोन-तीन दिवस हातचे जातात. श्वासपटलाखाली पू असेल तर उचकी थांबत नाही, उजवा खांदा दुखतो, खोकताना बरगडीखाली कळ येते. खांद्याला मलम चोळून हे बरं होणार नाही.

मधुमेही आणि वयस्क माणसांत ताप येईलच असं नाही. एरवी ताब्यात असलेली साखर अचानक ३०० च्या वर जाऊ लागली किंवा आजोबा असंबद्ध बोलू लागले, तर तीही पुवाची खूण असू शकते.

सोनोग्राफी झाली होती, मग पुन्हा सीटी स्कॅन कशाला?

सोनोग्राफीच्या लहरी हवेतून जात नाहीत. ऑपरेशननंतर आतडी गॅसने फुगलेली असतात, वर ड्रेसिंग आणि टाके असतात, त्यामुळे आतड्यांच्या मधला पू झाकला जातो. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटीत पुवाचं कवच उजळून दिसतं, आतले हवेचे बुडबुडे दिसतात आणि कुठून सुई घातली तर वाटेत आतडं किंवा रक्तवाहिनी येणार नाही, हेही ठरवता येतं. आम्हाला सीटी मुख्यतः या वाटेसाठी लागतो. शिरेतल्या औषधाने किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी तपासणी, बघतात. पूर्वी कधी त्या औषधाची रिॲक्शन आली असेल तर आवर्जून सांगा.

लहान मुलांत आणि बारीक अंगाच्या माणसांत बऱ्याचदा सोनोग्राफीवरच काम होतं. रेडिएशन नाही, खर्च कमी, आणि मशीन पेशंटच्या खाटेपाशी आणता येतं.

नुसत्या अँटिबायोटिकने पू जिरणार नाही का?

लहान असेल तर जिरतो. साधारण ३ सेंटीमीटरपेक्षा लहान पुवासाठी बहुतेक ठिकाणी आधी औषधंच देतात आणि काही दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. त्याहून मोठा असेल, पेशंटला ताप असेल आणि जागा सुईच्या टप्प्यात असेल, तर पू बाहेर काढणं हाच मुख्य उपचार. कारण साधं आहे. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात. शिरेतून दिलेलं औषध कवचापर्यंत पोहोचतं, आत पुरेसं शिरत नाही. जे शिरतं तेही आतल्या आंबट, जंतूंनी खच्चून भरलेल्या रसात दुबळं पडतं.

म्हणून आठवडाभर ताप तसाच आहे आणि फक्त अँटिबायोटिक बदलत चाललंय, प्रत्येक नवं इंजेक्शन आधीच्यापेक्षा महाग, असं होत असेल तर विचारा : "पोटात काढण्याजोगं काही आहे का? परत बघायचं का?" हा प्रश्न विचारल्याने कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पू नीट निघाला की अँटिबायोटिक फार दिवस लागत नाही. पोटातल्या जंतुसंसर्गावर अमेरिका-कॅनडात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ५१८ पेशंट होते. संसर्गाचं मूळ काढल्यावर साधारण ४ दिवस औषध दिलेले आणि ताप-लक्षणं जाईपर्यंत जास्त दिवस औषध दिलेले, दोन्ही गट सारखेच बरे झाले. पेशंटप्रमाणे दिवस बदलतात, पण "नळी आहे तोवर इंजेक्शन चालूच" असा नियम नाही.

पुन्हा पोट उघडून साफ केलं तर एकदाचं काम होणार नाही का?

एके काळी दुसरा मार्गच नव्हता. १९०२ च्या जून महिन्यात राज्याभिषेकाच्या दोन दिवस आधी इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाच्या पोटात अपेंडिक्सचा पू झाला होता. सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या सर्जनने पोटाला छेद देऊन तो बाहेर काढला. राज्याभिषेक ऑगस्टवर गेला, पण राजा वाचला. ट्रीव्ह्जने त्या वेळी अपेंडिक्स काढण्याचा हट्ट धरला नाही, पुवाला वाट करून दिली आणि थांबला. ते शहाणपण आजही लागू आहे. बदललं ते इतकंच की १९७० च्या दशकात सीटी आणि सोनोग्राफी आली, आत कुठे काय आहे ते दिसू लागलं आणि छेदाची जागा सुईच्या भोकाने घेतली.

ऑपरेशननंतर दहा-पंधरा दिवसांनी आतडी एकमेकांना चिकटलेली, सुजलेली आणि नाजूक असतात. त्या वेळी पोट उघडलं तर ती सोडवताना नवी छिद्रं पडतात. म्हणून एका ठिकाणी साचलेल्या, सुई पोहोचेल अशा पुवासाठी नळी हाच पहिला पर्याय आहे. दहातल्या आठ किंवा जास्त पेशंटचं तेवढ्यावर भागतं.

तरीही काही पेशंटना ऑपरेशनच लागतं आणि तिथे नळीचा आग्रह धरणं धोक्याचं. पू सगळ्या पोटात पसरलेला असेल, पोट लाकडासारखं कडक झालं असेल, रक्तदाब उतरत असेल, आतड्याचा जोड पूर्ण सुटला असेल किंवा आतड्याचा भाग काळा पडला असेल, तर वाट पाहू नये.

नळी टाकण्याआधी काय तयारी लागते?

रक्ताच्या तपासण्या होतात. रक्त गोठण्याची आयएनआर ही तपासणी साधारण १.५ ते १.८ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असाव्या लागतात. नसतील तर प्लाझ्मा, व्हिटॅमिन के किंवा प्लेटलेट देऊन दुरुस्त करतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते न विचारता सांगा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा त्यांची नवी भावंडं, कुठलीही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, बंद पडू शकतो. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं. पेशंटची तब्येत बिघडत असेल तर पाच दिवस थांबण्यापेक्षा थोडा धोका पत्करून लगेच नळी टाकणं बरं, असाही निर्णय होतो.

काही तास उपाशी ठेवतात. अँटिबायोटिकचा डोस आधी दिलेला असतो, कारण पू हलला की जंतू रक्तात उतरतात.

आत नेमकं काय करतात? खूप दुखतं का?

संपूर्ण भूल सहसा लागत नाही. लहान मुलांना आणि फार घाबरलेल्यांना गुंगीचं औषध देतात.

कातडी स्वच्छ करून निळा-हिरवा कपडा पसरतात आणि जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. हा भाग झोंबतो, अर्धा मिनिट. मग कातडीला काही मिलिमीटरचा छेद. पडद्यावर पुवाची काळसर पोकळी दिसत असते, तिच्यात तरंगणारे करडे ठिपके दिसतात. सुई शिरते तशी तिची चकचकीत रेघ पडद्यावर पुढे सरकते. कवचाशी ती क्षणभर अडते, कवच आत दबतं, आणि मग बोटांना हलकासा झटका जाणवतो. सुई पोकळीत गेलेली असते. सिरिंज ओढली की पिवळट-तपकिरी घट्ट पू येतो आणि अपेंडिक्सचा असेल तर त्या वासाने खोली भरून जाते. पहिला नमुना कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू ओळखण्याच्या तपासणीला, जातो. कुठलं औषध लागू पडेल हे दोन-तीन दिवसांत त्यावरून कळतं, म्हणून त्याचा रिपोर्ट आठवणीने मागून घ्या.

सुईतून एक मऊ टोकाची तार आत सोडतात, सुई काढतात, तारेवरून वाट थोडी रुंद करतात आणि त्याच तारेवरून नळी सरकवतात. स्वीडनचे स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ साली रक्तवाहिन्यांसाठी ही युक्ती मांडली, आज ती शरीरभर वापरतात. वाट रुंद करताना दाब आणि कळ जाणवते. तेव्हा पेशंटने हलायचं नाही, "दुखतंय" म्हणायचं. आम्ही आणखी औषध देतो.

नळीचं टोक आत गेल्यावर गोल वळतं, म्हणून तिला पिगटेल म्हणतात. आतला दोरा ओढून ते वेटोळं पक्कं करतात, म्हणजे नळी सहज निसटत नाही. जाडी फ्रेंच या मापात मोजतात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. पाण्यासारख्या पातळ द्रवाला ८ फ्रेंच चालते. घट्ट पुवाला १२ किंवा १४ लागते, म्हणजे जेमतेम ४-५ मिलिमीटर. सगळं मिळून साधारण अर्धा ते एक तास.

पू पोटात आणि नळी कुल्ल्यातून, असं का?

ओटीपोटाच्या तळाशी पू असला की पुढून जाताना मूत्राशय आणि आतडी आडवी येतात. मागून, माकडहाडाच्या कडेने वाट मोकळी असते. पेशंटला पालथं झोपवून सीटीवर बघत नळी टाकतात आणि पायाकडे जाणारी मोठी नस टाळण्यासाठी हाडाच्या अगदी जवळून जातात. नंतर काही दिवस बसायला त्रास होतो, कुशीवर झोपावं लागतं. पायात वीज गेल्यासारखी कळ येत असेल तर सांगा. काही पेशंटमध्ये गुदद्वारातून किंवा योनीमार्गातून, तर स्वादुपिंडाजवळच्या कलेक्शनला एंडोस्कोपीने जठरातूनही वाट काढतात.

यात धोके कोणते?

रक्तस्राव, वाटेतल्या आतड्याला इजा, आणि वरच्या पोटातली नळी असेल तर छातीच्या पोकळीत जंतू किंवा हवा जाणं. हे गंभीर आहेत, पण कमी वेळा होतात. जास्त वेळा दिसते ती थंडी. नळी टाकल्यावर तासाभरात पेशंट कुडकुडू लागतो, ताप उसळतो. जंतू रक्तात उतरल्याची ती खूण असते. बहुतेकांत सलाईन आणि औषधांनी काही तासांत ओसरते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून त्या दिवशी पेशंटजवळ कुणीतरी जागं माणूस असावं.

पिशवीतला रंग बघून काय समजायचं?

पिवळट-तपकिरी घट्ट पू पहिले दिवस येणारच. तो पातळ होत पाणचट पिवळा झाला तर गाडी रुळावर आहे. थोडी लाली चालते. हिरवट-पिवळं, चिकट आणि रोज बरंच येत असेल तर पित्त. गढूळ, दुर्गंधी, अन्नाचे कण किंवा हवा येत असेल तर आतड्याशी जोड आहे. ताजं लाल रक्त आलं तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

शंका असली की पिशवीतलं पाणी तपासतात. त्यात बिलिरुबिन रक्तापेक्षा तिपटीहून जास्त असेल तर पित्त, क्रिएटिनिन रक्तापेक्षा कितीतरी जास्त असेल तर लघवी, अमायलेज खूप असेल तर स्वादुपिंडाचा रस.

घरी नळी घेऊन जायचं म्हणतात. निगा कशी राखायची?

नळी टाकणं तासाभराचं काम आहे. ती पुढचे दहा-वीस दिवस चालू ठेवणं यावर खरा गुण अवलंबून असतो आणि ते काम घरच्यांच्या हातात असतं.

पहिली गोष्ट मोजणं. वही घ्या. रोज ठरलेल्या वेळी पिशवी रिकामी करताना किती मिलिलिटर, कुठला रंग, ताप किती, हे लिहा. पिशवीवरच्या खुणा अंदाजी असतात, मापाचा छोटा प्लास्टिकचा ग्लास मेडिकलमध्ये मिळतो.

दुसरी गोष्ट फ्लश करणं. घट्ट पू नळीत अडकतो, म्हणून बऱ्याच पेशंटना दिवसातून दोन-तीनदा ५ ते १० मिलिलिटर सलाईन नळीतून आत सोडायला सांगतात. वॉर्डातल्या सिस्टरकडून हे शिकून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा. हात साबणाने धुवा, नळीचं तोंड स्पिरिटच्या कापसाने पुसा, निर्जंतुक सलाईन आणि नवी सिरिंजच वापरा. हळू सोडा. अडलं किंवा दुखलं तर जोर लावू नका. नळीला थ्री-वे चावी (तीन तोंडांचा छोटा नळ) असेल तर फ्लश झाल्यावर ती पिशवीच्या दिशेला उघडी आहे ना, हे बघा. ताप परत आला म्हणून पेशंट धावत येतात आणि चावी बंद राहिलेली असते, असं खूपदा होतं.

आत सोडलेलं सलाईन हिशोबातून वजा करायचं. पिशवीत ४५ मिलिलिटर आले आणि दिवसात तीनदा १० मिलिलिटर फ्लश केलं, तर खरा निचरा १५. हे वजा न केल्यामुळे नळी उगाच आठवडाभर जास्त राहते. वहीत दोन्ही आकडे वेगळे लिहा.

पिशवी नेहमी नळीच्या छिद्राच्या खालच्या पातळीवर हवी. झोपताना खाटेच्या कडेला, चालताना परकराच्या किंवा पायजम्याच्या नाडीला पिन लावून. नळीला एक सैल वळण देऊन पोटावर चिकटपट्टी लावा, म्हणजे कुठे अडकली तरी झटका टाक्याला बसणार नाही. चालणं, जिना चढणं चालेल, जड उचलणं नको. आंघोळ अंग पुसून किंवा जागा झाकून करा. नदी, विहीर, टब वर्ज्य. ड्रेसिंग ओलं झालं तर लगेच बदलायचं. जखमेवर हळद, राख, पाल्याचा रस काहीही लावू नका.

भात, वांगं, डाळ खाल्ली की पू वाढतो का?

नाही. घरोघरी हे सांगितलं जातं आणि प्रेमाने सांगितलं जातं, पण पू होतो तो जंतूंमुळे, भातामुळे नाही. या समजुतीपायी पेशंटला आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवतात, हे मला मनापासून खटकतं. शरीर पुवाशी लढत असताना त्याला प्रोटीन लागतं. आतडी चालू झाली असतील आणि सर्जनने खाण्याची परवानगी दिली असेल, तर वरण-भात, मुगाची खिचडी, दही, पनीर, अंडं, मासे, मऊ शिजवलेलं चिकन, जे तुमच्या घरी चालतं ते द्या. एका वेळी थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मधुमेह असेल तर साखरेवर कडक लक्ष ठेवा.

आतड्याला किंवा स्वादुपिंडाला गळती असेल तेव्हा मात्र खाणं डॉक्टर ठरवतील. कधी काही दिवस तोंडाने बंद ठेवावं लागतं. तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद.

नळी निसटली किंवा पू यायचा एकदम थांबला तर?

निसटलेली नळी परत आत ढकलू नका. जागेवर स्वच्छ गॉज ठेवा, निसटलेली नळी पिशवीत घालून सोबत घ्या आणि त्याच दिवशी या. वाट लवकर आवळते, वेळेत आलात तर बऱ्याचदा त्याच भोकातून नवी नळी टाकता येते.

काल ६० मिलिलिटर आणि आज शून्य, हे आनंदाने सांगत लोक येतात. निचरा हळूहळू उतरला तर आनंद, एकदम थांबला तर आधी नळी मुडपली आहे का, चावी बंद आहे का बघा. ताप किंवा दुखणं असेल तर नळी चोंदलेली समजून दाखवायला या.

नळी कधी काढणार?

तारीख आधी सांगता येत नाही. ताप गेलेला, भूक आलेली, पांढऱ्या पेशी खाली आलेल्या, खरा निचरा सलग दोन दिवस १० ते २० मिलिलिटरच्या आत आणि सोनोग्राफीत पोकळी मिटलेली, हे सगळं जुळलं की काढतात. अपेंडिक्सच्या साध्या पुवाला बऱ्याचदा एक-दोन आठवडे पुरतात. आतड्याशी जोड असेल तर महिना-दीड महिनाही जातो.

पंधरा दिवस झाले, निचरा कमीच होत नाही. पुढे काय?

रोज ५० मिलिलिटरच्या वर येत राहिलं तर आत कुठेतरी गळती आहे असं धरून शोध घेतात. नळीतून एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यात पोकळी किती आहे आणि ती आतड्याला जोडलेली आहे का ते दिसतं. पित्ताची गळती असेल तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकतात. लघवीची असेल तर मूत्रनलिकेत. आतड्याची छोटी गळती, पुढे अडथळा नसेल आणि पोषण चांगलं असेल, तर बऱ्याचदा आपोआप मिटते. त्याला दिवस लागतात.

निचरा कमी आणि ताप तसाच, हे उलट चित्र असेल तर नळी बारीक पडते आहे, पुवात कप्पे आहेत किंवा दुसरीकडे आणखी एक पू आहे. मग मोठी नळी, दुसरी नळी किंवा कप्पे विरघळवणारं औषध आत सोडणं, असे उपाय करतात.

ऑपरेशनच्या वेळी ड्रेन (पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवला होता, तरी पू कसा झाला?

त्या ड्रेनने त्याच्या आसपासचंच पाणी निघतं आणि एक-दोन दिवसांत आतड्यांवरची चरबी त्याला लपेटून टाकते. फुटलेल्या अपेंडिक्सनंतर ड्रेन ठेवल्याने पू टळतो असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. म्हणून ड्रेन ठेवला नाही ही हयगय नव्हे.

खर्चाचं काय?

नळी, तार, सीटी आणि वाढलेले दिवस, सगळं मिळून बोजा पडतोच. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा आणि ही प्रक्रिया पॅकेजमध्ये बसते का ते नळी टाकण्याआधी विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तेही दाखवा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सरकारी रुग्णालयांत हे काम होतं.

काढताना दुखतं का? आणि नंतर?

आतलं वेटोळं दोऱ्याने बांधलेलं असतं. तो दोरा आधी सोडवून मगच नळी ओढायची, नाहीतर आत ओरखडे पडतात. म्हणून घरी किंवा गावातल्या ड्रेसिंगवाल्याकडून ती ओढून घेऊ नका. नीट काढली तर दोन-तीन सेकंदांची ओढ जाणवते. भोकावर पट्टी लावतात, टाका लागत नाही, एक-दोन दिवस पाणी पाझरून ते बंद होतं.

नळी निघाल्यावर दोन आठवडे रोज संध्याकाळी ताप मोजा. १०० च्या वर गेला, पोट दुखलं किंवा उलट्या झाल्या तर डिस्चार्ज कार्ड, निचऱ्याची वही, कल्चरचा रिपोर्ट आणि सीटीची सीडी घेऊन या. पू काही पेशंटमध्ये परत साचतो आणि तेव्हाही बहुतेक वेळा नळीनेच निघतो.